चांद्याचा कुर्बाना

‘चांदा’ हे नाव १९६४ साली सरकारदप्तरातून गेले आणि ‘चंद्रपूर’ आले. पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी याच जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. जुने नाव एका ठिकाणी मात्र टिकून आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. केरळच्या सिरो-मलबार कॅथॉलिक चर्चचा इथला धर्मप्रांत आजही ‘चांदा धर्मप्रांत’ म्हणूनच ओळखला जातो. त्याचे प्रमुख चर्च बल्लारपूरला आहे, संत थोमाच्या नावाचे.

ख्रिस्ती माणसे या भागात त्याआधीच आली होती. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन एकोणिसाव्या शतकातच चांद्याला होते. तिथे काम केलेल्या अ‍ॅलेक्स वुड यांनी १९०६ साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले; पुढे ते नागपूरचे बिशप झाले. केरळची माणसे आली ती १९६२ साली. केरळबाहेर त्या चर्चला मिळालेले हे पहिले मिशनक्षेत्र. ते सी.एम.आय. संघाच्या कार्मेलाईट साधूंकडे सोपवले गेले आणि १९७७ साली त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला.

मी मुसलमान. त्यांच्या प्रार्थनेला एकदा पाहुणा म्हणून बसलो आणि एका शब्दाशी अडलो. आपण जिला मिस्सा म्हणतो, तिला हे लोक ‘कुर्बाना’ म्हणतात. शब्द सुरियानी भाषेतला, म्हणजे येशूच्या बोलीच्या घराण्यातला. अरबी या घराण्याची बहीणच. आमच्या बकरी ईदची कुर्बानी ती हीच. अर्थ अर्पण, पण मूळ धातूचा अर्थ जवळ येणे. हिंदी सिनेमाच्या गाण्यांतून आपल्याला पाठ झालेला ‘करीब’ त्याच धातूतून निघाला. देवाला काही द्यायचे ते त्याच्या जवळ जाण्यासाठी, एवढे साधे ते आहे.

रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने ही कल्पना वेदीवरून उचलून माणसाच्या अंगावर आणून ठेवली. जनावर नव्हे, स्वतःचा चालताबोलता देहच वाहायचा, आणि तीच उपासना. मळा न सोडता विठ्ठलाला गाठणाऱ्या सावता माळ्याच्या महाराष्ट्राला हे परके वाटू नये. कुराणानेही कुर्बानीच्या मांसापेक्षा देणाऱ्याच्या मनाला मोल दिले आहे.

हे सगळे मला पुस्तकातून ठाऊक होते. माझ्या कवितांत ‘समर्पण’ हा शब्द किती वेळा आला असेल, मोजवत नाही.

मग अम्मी अंथरुणाला खिळली. एका मिशन दवाखान्यात तिला ठेवले होते. पाठीला जखमा झाल्या, त्यांचा वास खोलीबाहेर येई. मलमपट्टीची वेळ झाली की मी, तिचा मुलगा, चहाच्या निमित्ताने खाली उतरत असे. पट्टी करणाऱ्या सिस्टर केरळच्या होत्या. हलक्या हाताने, अम्मीशी मोडक्या हिंदीत गप्पा मारत त्या काम करीत. एकदा सकाळी चर्चची घंटा झाली तेव्हा त्या पट्टीच करत होत्या. मी दारातूनच म्हटले, ‘‘सिस्टर, तुमची प्रार्थना राहिली.’’ त्यांनी वर पाहिले नाही. म्हणाल्या, ‘‘चालूच आहे ना, भाऊ. जरा तो दिवा इकडे धरा.’’

त्यांच्या कुर्बान्याच्या शेवटी धर्मगुरू वेदीचा निरोप घेतो. पुन्हा इथे अर्पण करायला येणे होईल की नाही, मला ठाऊक नाही, अशा अर्थाची ती प्रार्थना असते. नमाज शेवटचीच समजून पढावी, असे आमच्याकडेही सांगतात. रोजचे काम असे करणे किती अवघड, ते मला त्या खोलीत कळले. दिवा धरलेला माझा हात थरथरत होता.

दुसऱ्या दिवशी मी चहाला गेलो नाही. सिस्टरांना म्हटले, ‘‘आज मला शिकवा.’’ त्यांनी हातमोजे पुढे केले आणि आधी साबणाने हात धुवायला सांगितले.