गुलाबाच्या कुपीतली तिखाडी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरची आजची ओळख सिमेंटची आहे. माणिकगडच्या परिसरातल्या चुनखडीवर 1980च्या दशकात कारखाने उभे राहिले, परप्रांतांतून कामगार आले आणि राजुरा-कोरपन्याच्या या पट्ट्यात महिन्याच्या पगाराचा पैसा खेळू लागला. त्या पैशातून जे नवे शौक आले त्यांत पुरुषांच्या सुगंधाचा एक. लताफा, अरमाफ, रसासी, अफनान ही दुबईकडची नावं इथल्या तरुणांना आता परकी नाहीत. पॅरिसच्या नावाची बाटली पंचवीस-तीस हजारांना पडते, तिच्याशी मिळताजुळता वास देणारी अरबी बाटली दोन-तीन हजारांत मोबाईलवरून घरपोच येते. अशी बाटली घेणाऱ्याला आपण पटकन ‘डुप्लिकेटवाला’ म्हणून मोकळे होतो. खरी वस्तू परवडत नाही म्हणून नकलेवर समाधान मानणारा, असा त्यात भाव असतो. हा भाव इतिहासाला धरून नाही, असं माझं म्हणणं आहे. महागड्या सुगंधाला स्वस्त पर्याय शोधणं हा सुगंधाच्या धंद्याचा मूळ स्वभाव आहे. त्याचा एक ठसठशीत पुरावा परदेशातल्या प्रयोगशाळेत शोधावा लागत नाही. तो आपल्याच सागवानी जंगलात, डोंगरउतारावर गवताच्या रूपाने उभा आहे.

हे गवत म्हणजे तिखाडी. रोशा, रोहिष अशीही त्याची नावं आहेत आणि त्याच्या तेलाला जुनी माणसं रोशेल म्हणतात. चंद्रपूरच्या कोरड्या पानझडी जंगलात कुसळ, मारवेल यांच्या सोबतीने ते वाढतं. पावसाळा सरता सरता त्याला तुरे येतात, पान चुरगाळलं की गुलाबाशी नातं सांगणारा आणि किंचित तिखट असा वास हाताला राहतो. वनस्पतिशास्त्रात त्याला क्लॉड मार्टिन या फ्रेंच सेनाधिकाऱ्याचं नाव चिकटलं आहे. लखनौच्या ला मार्टिनिएर शाळेचा मूळ दाता तो हाच. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत दक्षिणेत असताना त्याने या गवताचं बी गोळा केलं आणि त्यावरून वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने गवताला त्याचं नाव दिलं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते कापलं, उकळलं, त्यांची नावं मात्र कुठल्याही ग्रंथात नाहीत. तरी त्यांचं ज्ञान शास्त्रज्ञांना टाळता आलं नाही. भट्टीवाले गवताचे दोन प्रकार मानत: उघड्या, कोरड्या उतारावरचा मोतिया आणि ओलसर, सावलीच्या जागेतला सोफिया. मोतियाचं तेल गोड आणि चढ्या भावाचं, सोफियाचं उग्र आणि हलक्या भावाचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्किलने या गवताचा अभ्यास केला तेव्हा व्यापारातली हीच दोन नावं शास्त्रातही रुजू झाली.

तेल काढण्याची रीत साधी होती, पण ती जंगलातच चालायची. गवत वजनाला भारी आणि तेल अगदी थोडं, म्हणून गवत गावात आणण्यापेक्षा भट्टीच ओढ्याकाठी नेणं परवडायचं. मोठ्या डेगेत फुलोऱ्यावरचं गवत दाबून भरायचं, पाणी घालायचं, झाकण चिखलाने लिंपायचं, बांबूच्या नळीने वाफ थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवायची आणि पाण्यावर तरंगणारं तेल वरच्या वर काढून घ्यायचं. निमाड, बैतूल, मेळघाट आणि खानदेशात पिंपळनेर-नंदुरबारकडचा भाग ही या धंद्याची नावाजलेली केंद्रं. इंग्रजी वैद्यकीय लिखाणात या तेलाचा उल्लेख 1825च्या सुमारास येतो आणि 1827 मध्ये फोर्सिथने निमाडच्या गवती तेलाची कृतीही नोंदवली आहे. देशात त्याचा उपयोग मुख्यतः सांधेदुखीवर चोळायला व्हायचा. पण एवढ्यासाठी इतक्या भट्ट्या पेटत नव्हत्या. तेलाचं मोठं गिऱ्हाईक समुद्रापलीकडे होतं.

मुंबई बंदरातून हे तेल तांबड्या समुद्रातल्या बंदरांना, विशेषतः जेद्दाला जायचं. तिथून अरब व्यापारी ते तुर्कस्तानात पोचवत. तिथे त्याला ‘इद्रिस याघी’ म्हणत आणि युरोपच्या बाजारात ते ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणून ओळखलं जाई. म्हणजे खानदेशाचं आणि मध्य प्रांताचं नाव वाटेतच पुसलं गेलं होतं. कॉन्स्टँटिनोपलला लिंबाच्या रसाच्या पाण्यात हे तेल घुसळायचे आणि उन्हात ठेवायचे. त्याने त्याचा उग्रपणा मवाळ व्हायचा, रंग फिका पडायचा. मग ते गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. बल्गेरियातल्या कझानलक खोऱ्यात, जिथे जगातलं सर्वांत नावाजलेलं गुलाबतेल निघे, तिथे काही जण ऊर्ध्वपातनाआधी पाकळ्यांवरच ते शिंपडत. कारण उघड होतं. एक किलो गुलाबतेलाला 3000 ते 4000 किलो फुलं लागतात, ती पहाटे खुडावी लागतात आणि हंगाम काही आठवड्यांचा असतो. उलट तिखाडी डोंगरभर आपोआप उगवते. या दोघांची गाठ कशामुळे जुळली, हे 1871 मध्ये रसायनशास्त्राने सांगितलं. त्या वर्षी ऑस्कर जेकबसेनने या भारतीय गवती तेलातूनच एक सुवासिक अल्कोहोल वेगळं केलं. त्यालाच जिरॅनिऑल म्हणतात. गुलाबाच्या वासाच्या मुख्य घटकांपैकी तो एक आहे आणि चांगल्या मोतिया तेलाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग तोच असतो. म्हणजे गुलाबाच्या कुपीत गेलेल्या गवतात गुलाबाचाच एक अंश होता. नाकाला ते आधीच कळलं होतं.

यावर पहिला आणि रास्त आक्षेप असा येईल की ही सरळ भेसळ होती, तिचं कौतुक कशाला? भेसळ होतीच. गुलाबाच्या भावाने गवत विकणं ही लबाडी आहे आणि तिचा फायदा भट्टीवर राबणाऱ्याला मिळत नव्हता. तो कुपी भरणाऱ्याच्या खिशात जात होता. पण दोष नेमका कुठे आहे ते नीट पाहायला हवं. दोष गवतात नाही, पर्याय शोधण्यातही नाही. जे आहे ते न सांगण्यात दोष आहे. ज्या क्षणी तेच तेल स्वतःच्या नावाने, स्वतःच्या भावाने विकलं जातं, त्या क्षणी लबाडी संपते आणि उरतो तो उत्तम, परवडणारा सुगंध. साबणाच्या आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यांनी पुढे हेच तेल ‘पामारोझा’ म्हणून उघडपणे घेतलं तेव्हा त्याची कोणी अप्रतिष्ठा केली नाही.

पर्याय आणि फसवणूक यांतला हा भेद जुन्या गंधशास्त्रालाही ठाऊक होता. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने सुगंध आणि ऊर्ध्वपातनावर जो ग्रंथ लिहिला त्यात शंभराहून अधिक कृती आहेत आणि त्यांतल्या कितीतरी कस्तुरी, अंबर, केशर, कापूर अशा महागड्या द्रव्यांसारखी द्रव्यं स्वस्तात कशी तयार करावीत हे शिकवतात. अरबी सुगंधविद्येच्या आरंभीच्या ग्रंथांपैकी हा एक, आणि त्यात पर्यायाला हे स्थान! आपल्याकडेही गंगाधराच्या ‘गंधसार’ या संस्कृत ग्रंथात कृत्रिम कस्तुरीसारख्या कृती येतात. त्याच्याच सोबत सापडलेल्या ‘गंधवाद’ या ग्रंथावर तर जुन्या मराठीत टीका आहे. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी या पोथीकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. गंधशास्त्र मराठीतून समजावून सांगावं अशी गरज कोणाला तरी वाटली होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या विद्येचा दरबाराशीच संबंध आहे असं आपण समजतो, ती लोकभाषेत उतरत होती. तिला मागणीही होती. लग्नकार्यात आणि सभा-समारंभात पाहुण्यांना पानसुपारी आणि अत्तरगुलाब देण्याची आपली रीत पाहा. मांडवात आलेल्या प्रत्येकाच्या मनगटाला अत्तर लावायचं तर ते शुद्ध गुलाबाचं किती घरांना झेपलं असतं? ही चाल टिकली ती परवडणाऱ्या अत्तरामुळे. शिवाय राजुरा तालुका 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात आणि 1956च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. चारमिनारभोवतीच्या अत्तराच्या बाजाराचं हैदराबाद ही या मुलखाची राजधानी होती. तेव्हा अरबी धाटणीचा सुगंध इथे मोबाईलसोबतच आला असं समजण्याचं कारण नाही.

राहिला प्रश्न पॅरिसच्या ‘अस्सल’पणाचा. आधुनिक परफ्यूमचा पायाच पर्यायी द्रव्यांवर घातलेला आहे. रसायनशास्त्रज्ञ पर्किनने 1868 मध्ये कूमारिन प्रयोगशाळेत तयार केलं आणि 1882च्या ‘फूजेर रोयाल’मध्ये ते वापरलं गेलं, पुरुषांच्या सुगंधाचं एक सबंध घराणंच त्यातून निघालं. आल्बर्ट बाउरने 1888 मध्ये कृत्रिम कस्तुरी शोधली. देवमाशापासून मिळणाऱ्या अंबराची जागा विसाव्या शतकात अँब्रॉक्सानसारख्या द्रव्यांनी घेतली आणि आजच्या कितीतरी महागड्या मर्दानी परफ्यूमचा कणा तेच आहे. यात वाईट काही नाही. कस्तुरीमृग वाचायला त्याची मदतच झाली. पण मग तीस हजारांच्या बाटलीत मूळ द्रव्य असतं आणि दोन हजारांच्या बाटलीत नक्कल, ही मांडणी उभी राहत नाही. दोन्हीकडे प्रयोगशाळेतलीच द्रव्यं आहेत. त्यांचा दर्जा, प्रमाण आणि जुळवणाऱ्याचं कौशल्य यांत फरक असतो आणि किमतीतला मोठा वाटा नाव, जाहिरात, दुकान यांचा असतो.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. अल-किंदी कस्तुरीला पर्याय शोधत होता आणि कस्तुरी कुणा कारागिराने रचलेली नव्हती. आजची अरबी बाटली मात्र दुसऱ्या कारागिराची रचनाच उचलते. 2010 मध्ये क्रीड या महागड्या परफ्यूम-घराण्याचा ‘अव्हेन्टस’ आला आणि काही वर्षांत अरमाफच्या ‘क्लब द न्वी इन्टेन्स मॅन’ने त्याच्या जवळचा वास कितीतरी कमी किमतीत दिला. ही वाङ्मयचौर्यासारखी गोष्ट नाही का? न्यायालयांनाही यावर एकमत करता आलेलं नाही. 2006 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने परफ्यूमच्या वासाला लेखकाच्या हक्काचं संरक्षण नाकारलं, तर त्याच वर्षी नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने लाँकोमच्या ‘त्रेझोर’ला ते दिलं. 2009 मध्ये युरोपीय न्यायालयाने लॉरेआल आणि बेल्यूर यांच्या खटल्यात ‘आमचा हा वास तुमच्या त्या वासासारखा’ अशा तुलनेच्या याद्या वापरून धंदा करण्याला गैर ठरवलं. माझं मत असं की वास जुळवणं हे कसब आहे आणि ते मोकळं राहावं. दुसऱ्याचं नाव आणि बाटली वापरणं ही चोरी आहे, तिला शिक्षा व्हावी. रचनाकाराचं काही देणं लागतो हे मान्य करूनही, वासावर कायमची मालकी दिली तर उद्या गुलाबाशी जुळणारं गवतही कोणाच्या तरी मालकीत अडकेल.

शिवाय या अरबी घराण्यांना निव्वळ नक्कलकार म्हणणंही अन्यायाचं आहे. रसासीची स्थापना 1979 मध्ये दुबईत अब्दुल रझाक कळसेकर यांनी केली. आडनाव आपल्या कोकणातलं. अजमलचा प्रवास 1951 मध्ये सुरू झाला. आसामातल्या होजाईचे हाजी अजमल अली यांनी अगरूचा, म्हणजे ऊदाचा, व्यापार मुंबईत आणला आणि तो पुढे आखातात गेला. ऊद, गुलाब, केशर, अंबर यांची जी जुळणी ही मंडळी करतात ती त्यांची स्वतःची परंपरा आहे. आता तर युरोपातली घराणीच ऊदाच्या बाटल्या काढू लागली आहेत आणि त्याला कोणी उसनवारी म्हणत नाही.

स्वस्त बाटलीच्या बाजूने बोलताना एक इशारा मात्र द्यायलाच हवा. ज्या बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, घटक, बॅच क्रमांक नाही, जी नाक्यावर परदेशी नावाने शे-दोनशे रुपयांत मिळते, ती या लेखातल्या पर्यायात मोडत नाही. चंदनाचं तेल महागल्यावर देशी अत्तरांतही पातळ पॅराफिन आणि डीओपी (डायऑक्टिल थॅलेट) यांसारखे आधार शिरले. त्वचेवर लावायच्या वस्तूबाबत ही लपवाछपवी गंभीर आहे. जेद्दामार्गे गेलेल्या तिखाडीने जो धडा दिला तो इथे तंतोतंत लागू पडतो. ग्राहकाने किंमत बघावी, पण त्याआधी लेबल वाचावं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टर्पेंटाइनपासून जिरॅनिऑल बनू लागलं आणि जंगलातल्या भट्ट्यांचं महत्त्व ओसरलं. आज पामारोझाचं तेल मुख्यतः शेतातल्या लागवडीतून येतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या डोंगरांवर मात्र तिखाडी अजून फुलते आणि बरीचशी वणव्यात जळून जाते. 2006च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर जंगलात राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळवून 2011 पासून स्वतःचा बांबू स्वतः विकून दाखवला आहे. जिवती-कोरपन्याच्या गोंड आणि कोलाम गावांच्या ग्रामसभांनी तेंदू-बांबूच्या यादीत तिखाडीही घ्यावी, गोंडवाना विद्यापीठाने कोणत्या उतारावर मोतिया आहे आणि कुठे सोफिया याची पाहणी करावी, वन विभागाने एखादी भट्टी चालवून बघावी. आणि त्या तेलाची पहिली कुपी भरली जाईल तेव्हा तिच्यावर गुलाब, जिरेनियम किंवा पॅरिस असं काहीही न लिहिता तिखाडी आणि गावाचं नाव एवढंच छापावं.