फोर्टातलं दुपारचं जेवण

शीळफाट्यावरचे ढाबे वाहनांमुळे उभे राहिले. मुंब्रा-पनवेल रस्त्याला कल्याणचा रस्ता मिळतो, तिथे थांबणाऱ्याला भूक लागते. याच परिसरातून दिवा किंवा डोंबिवली गाठून लोकलने मुंबईच्या फोर्टात नोकरीला जाणारी माणसंही पुष्कळ. दुपारी एक वाजता त्यांचं घर फार लांब असतं. फोर्टातल्या खाण्याचा इतिहास या लांबीनेच घडवला.

आधी ती लांबी नव्हती. कोटाच्या, म्हणजे आजच्या फोर्टाच्या, आत पेढी होती आणि घरही होतं. पुढे १८६० च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात, तटबंदी पाडली गेली. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाच्या व्यापारात पैसा खेळत होता. मोकळ्या झालेल्या जागेत बँका आणि कचेऱ्या आल्या, त्याच सुमारास आजचं हॉर्निमन सर्कलही आकाराला आलं. रेल्वे १८५३ मध्ये ठाण्याला आणि १८५४ मध्ये कल्याणला पोहोचली होतीच. काम कोटात आणि बिऱ्हाड दूर, ही मुंबईची रीत हळूहळू पडत गेली.

मग दुपारी जेवायचं कुठे? पहिलं उत्तर घरूनच आलं. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास डबे पोहोचवण्याची व्यवस्था उभी केली, आणि मावळ-जुन्नरकडच्या माणसांनी ती पिढ्यान्‌पिढ्या चालवली. ज्या काळात कोणाच्या हातचं खायचं हे जातीवर ठरायचं, त्या काळात घरचा डबा सोय होती आणि सोवळंही.

दुसरं उत्तर इराण्यांनी दिलं. यझ्द, केरमानकडून आलेल्या झरतुश्ती कुटुंबांनी संगमरवरी टेबलं मांडली, चहा आणि ब्रुन-मस्का स्वस्तात दिला. त्या टेबलाशी कारकून, हमाल, दलाल शेजारी बसू लागले. समाजसुधारणेच्या भाषणांइतकंच या टेबलांनीही मुंबईला सोबत जेवायला शिकवलं, असं मी मानतो. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. ते दुपारपुरतंच उघडतं, कारण त्याचं गिऱ्हाईक कचेरीचं. उडुपी हॉटेलांनी इडली-डोसा आणि राइस प्लेट आणली, मंगळुरी लंच होमनी मासे आणले. वडापाव उभ्याउभ्या खाता येतो, म्हणून गाडी पकडणाऱ्यांचा झाला.

जेवणाच्या सुट्टीतून उरलेल्या वेळात लोक पाय मोकळे करत. १९५२ पासून जहांगीर कलादालनात विनातिकीट चित्रं पाहता आली. राजाबाई टॉवर, डेव्हिड ससून ग्रंथालय, हुतात्मा चौक ही कर्मचाऱ्यांची रोजची वाट होती. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि त्याच वाटेने आता मार्गदर्शकासह पर्यटक चालतात.

हे चांगलंच आहे. पण बऱ्याच कचेऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलात गेल्या, आणि दुपारच्या पंगतीला माणसं कमी पडू लागली. दर्जा मिळतो तो दगडी भिंतींना, कारकुनाला परवडणाऱ्या ताटाला नाही. इराण्याकडे बसून फोटो काढणाऱ्याने पोटभर जेवावंही. आणि फोर्टाचा वारसा जपणाऱ्या यंत्रणांनी या जुन्या खाणावळींच्या भाड्याचा विचार इमारतींच्या डागडुजीइतकाच गांभीर्याने करावा. नोकरदाराला दुपारी परवडेल असं जेवण मिळतं, तोवरच फोर्ट हा चालता बाजार आहे.