मोदक (टंक)

मोदक : देवनागरी व रोमन लिप्यांसाठीचा अतिठळक, गुबगुबीत शीर्षक-टंक. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाची निर्मिती. देवनागरी अक्षरे सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे यांची, रोमन अक्षरे नूपुर दात्ये यांची. साहाय्य गिरीश दळवी यांचे. 2015 पासून गूगल फॉन्ट्सवर उपलब्ध. मुक्त परवान्यामुळे व्यावसायिक कामासही विनामूल्य. जाडी एकच.

रचना : आरंभ हाताने काढलेल्या आराखड्यांतून झाला. फुगीर रेषा एकमेकींत मिसळतात आणि अक्षरांच्या पोकळ्यांच्या जागी बारीक चिरा उरतात. उकडीच्या मोदकाच्या कळ्या मिटल्या तरी त्यांच्या रेघा दिसतात, तसे हे आहे. निर्माते याला बहुधा सर्वांत गुबगुबीत देवनागरी टंक म्हणतात. असा दावा मोजून ठरवणे अवघड.

देवनागरी जाड करणे रोमनपेक्षा कठीण. शिरोरेषेवर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरांची दाटी. जाडी वाढली की आधी पोकळी बुजते. घ–ध, म–भ यांत भेद करतात ती डावीकडची गाठ व तुटक शिरोरेषा; तेवढी जागा राखावीच लागते. म्हणून अशा टंकाचे खरे कसब काळ्या भागात नसून शिल्लक ठेवलेल्या पांढऱ्यात असते.

कसोटीचा शब्द : ‘देवरूख’ (संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठिकाण, जि. रत्नागिरी). चार अक्षरांत बऱ्याच अडचणी एकत्र येतात : द-वरची मात्रा, व-चे पोट, ‘रू’ आणि ख-चे दोन भाग. ख-चे भाग सुटले तर ‘रव’ वाचले जाते. रु व रू यांतला भेद र-च्या कुशीतल्या आकड्याच्या वळणापुरताच असतो. अक्षर लहान केले की तो प्रथम हरवतो. गावाचे नाव ‘देवरुख’ असेही लिहिलेले आढळते.

उपयोग : मुलांच्या पुस्तकांची मुखपृष्ठे, मिठाईचे खोके, उत्सवांचे फलक, बोधचिन्हे. एकदोन शब्द, तेही मोठे. सलग मजकुरास निरुपयोगी. अक्षरांना त्याच रंगाची बाह्यरेषा दिल्यास चिरा बुजतात. कागदावरच्या काळ्या अक्षरांत शाई पसरून तोच धोका असतो; गडद जमिनीवर पांढरी अक्षरे घेतल्यास चिरा शाईच्या होतात व टिकतात.

पूर्वपीठिका : संगणकापूर्वी असे काम हाताने होई. कमल शेडगे (1935–2020) यांनी रेखाटलेली नाटकांची शीर्षके प्रसिद्ध आहेत.

संबंधित टंक : बलू, याच गटाचा. गोलसर पण अधिक मोकळा. इतर लिप्यांतील भावंडांना त्या-त्या भाषेतील हाका : भाई (गुजराती), दा (बंगाली), पाजी (गुरुमुखी), तम्मा (कन्नड), चेट्टन (मल्याळम).