मुख्याध्यापक व्हायचंय? मग तंत्रज्ञानाची ही तयारी आधीच करा

शाळेचा कारभार आज फळ्यावर आणि कपाटातल्या रजिस्टरवर कमी, पोर्टलवर जास्त चालतो. पटसंख्या, पगार, शिष्यवृत्ती, पोषण आहार, शाळा सोडल्याचा दाखला, शिक्षकांची पदं या सगळ्याचा धागा शेवटी मुख्याध्यापकाच्या लॉगिनला जोडलेला असतो. वारजे, कोंढवा, कॅम्प या भागांत शिक्षकी पेशात असलेली आपली अनेक मुलं-मुली आहेत. पुढे पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक, मुख्याध्यापक व्हायची इच्छाही अनेकांची असते. पण बी.एड.मध्ये शिकवायचं कसं हे सांगतात, शाळा चालवायची कशी हे फारसं सांगत नाहीत. ही उणीव कशी भरून काढायची, त्याची माहिती इथे एकत्र दिली आहे.

पात्रता काय लागते?

खासगी माध्यमिक शाळांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी अधिनियम आणि त्याखालची १९८१ ची सेवाशर्ती नियमावली लागू आहे. त्यानुसार माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाला पदवी आणि बी.एड. हवं. पदवीनंतर किमान ५ वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव हवा आणि त्यातली किमान २ वर्षं बी.एड. झाल्यानंतरची हवीत. एरवी नेमणूक सेवाज्येष्ठतेने होते.

अल्पसंख्याक शाळांचं मात्र वेगळं आहे. १९७७ च्या अधिनियमातच, अल्पसंख्याक शाळेच्या प्रमुखाच्या निवडीला हा कायदा लागू होणार नाही, अशी तरतूद आहे. राज्यघटनेच्या कलम ३० ने दिलेल्या हक्काचाच हा भाग आहे. मलंकारा सीरियन कॅथलिक कॉलेजच्या खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने प्राचार्य निवडण्याचा अल्पसंख्याक संस्थेचा हक्क मान्य केला. म्हणजे पात्र शिक्षकांमधून संस्थेला योग्य वाटेल तो माणूस निवडता येतो, ज्येष्ठता यादीतला पहिलाच घ्यावा असं बंधन नाही.

याचे दोन अर्थ निघतात. वयाने लहान पण तयारीच्या शिक्षकाला आपल्या संस्थांमध्ये लवकर संधी मिळू शकते. आणि संस्थाचालकांवर जबाबदारी येते की निवड नात्यागोत्यावर नको, कामाच्या तयारीवर व्हावी.

पहिली ते आठवीच्या शिक्षकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १ सप्टेंबर २०२५ रोजी अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पदोन्नतीसाठीही टीईटी आवश्यक असल्याचं सांगितलं. अल्पसंख्याक संस्थांना हे लागू होतं का, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. त्यामुळे टीईटी राहिली असेल तर ती देऊन टाकणंच शहाणपणाचं.

कोणती पोर्टल हाताळावी लागतात?

- सरल: राज्याची ही प्रणाली २०१५ पासून आहे. विद्यार्थी, शिक्षक आणि शाळेची माहिती यात भरली जाते.
- यू-डायस प्लस: केंद्राची नोंदणी. प्रत्येक शाळेला ११ अंकी क्रमांक असतो आणि प्रत्येक मुलाला कायमचा शिक्षण क्रमांक, म्हणजे 'पेन', मिळतो.
- अपार: विद्यार्थ्याचा १२ अंकी शैक्षणिक ओळख क्रमांक. पालकांच्या संमतीपत्राशिवाय तो काढायचा नसतो.
- शालार्थ: शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची पगारबिलं.
- संच मान्यता: पटावरून शाळेला किती शिक्षक मंजूर होतील, हे इथे ठरतं.
- पवित्र: शिक्षक भरतीचं पोर्टल.
- पोषण आहार: किती मुलं जेवली याची रोजची नोंद.
- राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल: मुलांच्या अर्जांची पहिली पडताळणी शाळा करते, त्यानंतर तो जिल्ह्याकडे जातो.

यातलं एकही काम अवघड नाही. अडचण अशी की सगळ्यांच्या मुदती वेगळ्या, पासवर्ड वेगळे आणि एकीकडची चूक दुसरीकडे उमटते. म्हणून नुसतं बटण दाबायला शिकून भागत नाही. कोणती माहिती कुठून निघते आणि कुठे जाते, हे समजलं पाहिजे.

नावातला एक काना आणि बुडालेलं पद

आपल्या मुलांच्या बाबतीत सर्वांत जास्त गोंधळ होतो तो नावांचा. शेख, शैख, शेक; सय्यद, सैय्यद; मोहम्मद, मुहम्मद, महंमद, किंवा नुसतं 'मो.'. मराठीत एक, इंग्रजीत दुसरं, आधारवर तिसरं. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव मधे, तर कुठे ते अजिबात नाही. मुलींच्या नावापुढचं बेगम, बी, बानो एका कागदावर असतं, दुसऱ्यावर गळतं.

पूर्वी हे चालून जायचं. आता शाळेतली नोंद आधारशी ताडून पाहिली जाते आणि जुळली नाही तर तो विद्यार्थी 'अवैध' दिसतो. संच मान्यतेत आधार वैध असलेली मुलंच धरली गेली की पट कागदावर कमी होतो आणि पट कमी झाला की शिक्षकाचं पद जाऊ शकतं. वर्गात मूल रोज बसलेलं असतं, पण पोर्टलच्या लेखी ते नसतं. अनुदानित उर्दू किंवा मराठी शाळेत एक पद गेलं, तर एका घराची रोजीरोटी आणि एका वर्गाचा विषय दोन्ही धोक्यात येतात.

तयारीच्या मुख्याध्यापकाचं पहिलं काम म्हणूनच हे: प्रवेशाच्या दिवशीच जन्म दाखला, आधार आणि जनरल रजिस्टर यांतलं स्पेलिंग शेजारी-शेजारी ठेवून तपासायचं, आणि फरक असेल तर पालकांना तिथेच सांगायचं. मूल शाळेत शिकत असेपर्यंत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने नोंद दुरुस्त करून घेणं तुलनेने सोपं असतं. शाळा सोडून गेल्यावर तीच दुरुस्ती फार कठीण होते आणि पासपोर्ट, नोकरी, जात पडताळणी या प्रत्येक टप्प्यावर ती चूक आडवी येते.

दुसरी नेहमीची अडचण शाळा बदलण्याची. वारजे-माळवाडीसारख्या भागात भाड्याने राहणारी कुटुंबं खूप. अकरा महिन्यांचा करार संपला की घर बदलतं, कधी शाळाही बदलते. जुन्या शाळेने यू-डायसवर मुलाला सोडलं आणि नव्या शाळेने ओढून घेतलं नाही, तर ते नाव 'ड्रॉप बॉक्स'मध्ये पडून राहतं. कागदी दाखला नव्या शाळेत जमा असतो, मूल वर्गात असतं, पण सरकारी नोंदीत ते शाळाबाह्य दिसतं. हे काम मुख्याध्यापकाने स्वतः करता यावं. त्यासाठी क्लार्क रजेवरून परत येण्याची वाट बघावी लागू नये.

लॉगिन म्हणजे सही

पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला, तो शिपायालाही माहीत आणि शेजारच्या सायबर कॅफेवाल्यालाही. हे चित्र आपल्याकडे नवीन नाही. पण लॉगिन म्हणजे मुख्याध्यापकाची सही आणि शिक्का. तो दुसऱ्याच्या हातात गेला की काय होतं, याची दोन मोठी उदाहरणं समोर आहेत.

अल्पसंख्याक शिष्यवृत्तीच्या चौकशीत तपासलेल्या १,५७२ संस्थांपैकी ८३० संस्थांमध्ये गैरप्रकार आढळले. सरकारचं १४४.८३ कोटी रुपयांचं नुकसान झाल्याची तक्रार झाली आणि २०२३ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला. पैसे गरीब मुलांचे होते. त्यानंतर संस्थाप्रमुख आणि शाळेच्या नोडल अधिकाऱ्याची बायोमेट्रिक पडताळणी सुरू झाली. परिणाम असा की, ज्या प्रामाणिक शाळेच्या मुख्याध्यापकाने आपली पडताळणी वेळेत केली नाही, तिथल्या मुलांचे अर्जही अडकू शकतात.

दुसरं उदाहरण २०२५ मधलं, नागपूर विभागातलं. बनावट शालार्थ आयडी तयार करून शिक्षकांच्या नावाने पगार काढल्याचं प्रकरण उघड झालं आणि शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली.

म्हणून प्रशिक्षणात हे शिकायलाच हवं: प्रत्येक पोर्टलला वेगळा पासवर्ड, ओटीपी येणारा मोबाईल शाळेच्या जबाबदार व्यक्तीचा, बदली किंवा निवृत्तीच्या दिवशी लॉगिनचं लेखी हस्तांतर आणि भरलेल्या प्रत्येक माहितीची छापील प्रत फाईलला.

मुलांच्या माहितीचाही प्रश्न आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. आधार कार्डांचे फोटो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागवणं ही सवय ताबडतोब सोडायला हवी. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने शाळांत सीसीटीव्ही सक्तीचे केले. तेव्हा फुटेज कोण पाहणार, किती दिवस ठेवणार आणि कुणाला देणार नाही, हे ठरवणंही मुख्याध्यापकाच्या कामात आलं.

प्रशिक्षण कुठे मिळेल?

वारजेकरांचं नशीब असं की राज्याच्या शिक्षण खात्याची बरीच कार्यालयं पुण्यातच आहेत.

*राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद (एससीईआरटी)* सदाशिव पेठेत कुमठेकर रस्त्यावर आहे. सेवेतल्या शिक्षकांची आणि मुख्याध्यापकांची प्रशिक्षणं तिथून ठरतात. जिल्हा पातळीवर हे काम लोणी काळभोरची 'डाएट' पाहते.

*दीक्षा* हे केंद्राचं मोफत व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ पासून सुरू आहे, मोबाईलवर चालतं आणि अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर प्रमाणपत्र मिळतं. २०१९ मध्ये सुरू झालेल्या *निष्ठा* कार्यक्रमात शाळाप्रमुखांसाठी वेगळा भाग आहे.

दिल्लीच्या *नीपा* संस्थेतलं राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्र शाळा नेतृत्व आणि व्यवस्थापनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम चालवतं.

*यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची* शालेय व्यवस्थापन पदविका नोकरी सांभाळून करता येते. मुलाबाळांची आणि घरची जबाबदारी असलेल्या शिक्षिकांसाठी हा मार्ग सोयीचा आहे.

संगणकाचा पायाच कच्चा असेल तर *एमएस-सीआयटी* करावं. त्यात एक्सेलकडे विशेष लक्ष द्यावं, कारण पोर्टलवर माहिती चढवण्याआधी ती तक्त्यात तपासता आली पाहिजे. मराठी आणि उर्दू दोन्ही युनिकोडमध्ये टाईप करायला शिकावं. जुन्या फॉन्टमध्ये किंवा इनपेजमध्ये लिहिलेला मजकूर ऑनलाइन फॉर्ममध्ये चिकटवला की नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षक आणि मुख्याध्यापकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचं व्यावसायिक प्रशिक्षण अपेक्षित धरलं आहे. आठवड्याला एक तास काढला तरी ते पूर्ण होतं.

नोकरीत राहून एका वर्षाची तयारी

1. जून ते ऑगस्ट: प्रवेशाच्या कामात स्वतःहून मदत करा. जनरल रजिस्टर, आधार आणि यू-डायस यांतल्या नोंदी जुळवायला शिका.
2. सप्टेंबर ते नोव्हेंबर: संच मान्यता आणि शिष्यवृत्ती. अर्ज परत का येतात, याची यादी ठेवा. आठवीच्या मुलांना एनएमएमएस परीक्षेला बसवा. निवड झाली तर नववी ते बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात.
3. डिसेंबर ते फेब्रुवारी: पगारबिल आणि शाळेचे हिशेब समजून घ्या. दीक्षावरचा एक अभ्यासक्रम पूर्ण करा.
4. मार्च ते मे: निकाल, दाखले आणि शाळा बदलणाऱ्या मुलांची ऑनलाइन नोंद.

मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, त्यांच्या समोर बसून शिका. त्यांचा पासवर्ड मात्र मागू नका.

भगिनींनी मागे राहू नये

पुण्याला या कामाचा जुना वारसा आहे. सावित्रीबाई फुले आजारी असताना त्यांनी १८५६ मध्ये माहेराहून जोतिरावांना पत्र लिहिलं. आपण नसल्याने सगळा भार फातिमावर पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा विश्वास त्यात आहे. प्रमुख हजर नसताना शाळा सांभाळणारी सहकारी, हेच तर शाळा प्रशासन. आज आपल्या शाळांमध्ये शिक्षिका भरपूर आहेत, पण 'ऑनलाइनचं काम सरांकडे' ही वाटणी अजून अनेक ठिकाणी चालते. ती मोडायला हवी. जिला पोर्टल येतं, तिला खुर्ची नाकारणं अवघड जातं.

पालकांनी काय करावं?

मुलाचा पेन क्रमांक शाळेकडून लिहून घ्या. आधार, जन्म दाखला आणि शाळेतलं नाव एकसारखं आहे का, हे सुट्टीत एकदा बसून पाहा. शाळा बदलताना कागदी दाखल्यासोबत ऑनलाइन नोंदही हलली का, हे विचारा. शिष्यवृत्तीचा अर्ज भरून थांबू नका, शाळेने तो पडताळून पुढे पाठवला का, याची मुदतीआधी खात्री करा. आणि संस्थेच्या विश्वस्तांना भेटलात, तर इमारतीच्या देणगीबरोबर हेही विचारा की मुख्याध्यापक आणि क्लार्कच्या प्रशिक्षणासाठी यंदा किती दिवस ठेवलेत.