धागा कशाला चिकटला?

स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांचा स्पायडर-मॅन 1962 मध्ये कॉमिकमध्ये अवतरला. डिट्कोंच्या चित्रांत त्याची उडी चौकटीत गोठलेली असते. दोन चौकटींमधली झेप वाचकच मनात पुरी करतो. सॅम रेमींच्या 2002च्या चित्रपटाने ती झेप हलती केली, पण प्रेक्षक खुर्चीतच राहिला. त्याच वर्षीच्या व्हिडिओ गेमने चित्रपटाचं कथानक उचललं आणि झेप मात्र खोटी ठेवली: जाळ्याचा धागा आकाशातच कुठेतरी अडकायचा. गंमत अशी, की 1982च्या अटारीवरच्या ओबडधोबड गेममध्ये धागा इमारतीलाच लागावा लागे, नेम चुकला की नायक खाली. ट्रेआर्कच्या 2004च्या 'स्पायडर-मॅन 2' गेमने हाच नियम अख्ख्या मॅनहॅटनला लावला. या नायकाचं सामर्थ्य म्हणजे तोल सांभाळण्याचं कसब, हे खेळणाऱ्याच्या बोटांना कळलं. कॉमिकशी इमान राखणं म्हणतात ते माझ्या मते हेच.

कुणी म्हणेल, 2004चा गेमही चित्रपटावरच बेतलेला होता. होता, पण त्याचं नाव निघतं ते झोक्यांसाठी, चित्रपटातल्या प्रसंगांसाठी नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: काका बेनच्या मृत्यूचं स्पायडर-मॅनच्या मुखवट्यामागच्या पीटरच्या मनावरचं ओझं बटणं दाबून कसं पोचणार? ते काम कॉमिक आणि चित्रपटच अधिक चांगलं करतात, हे मान्य. म्हणूनच गेमने पटकथेची नक्कल करण्यात शक्ती घालवू नये. इन्सोम्नियाकचा 2018चा 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन' कोणत्याच चित्रपटावर बेतलेला नव्हता. कथा स्वतंत्र होती आणि धागे इमारतींनाच चिकटत होते.