टीआरपीची वंशावळ: कोटाच्या खिशापासून चॅटच्या खिडकीपर्यंत

गुरुवार हा मराठी मालिकांच्या जगातला निकालाचा दिवस. आठवड्याची टीआरपी जाहीर होते आणि कोणाची मालिका तरली, कोणाची घसरली, हे दुपारपर्यंत सर्वतोमुखी होते. या आकड्यांची वंशावळ मात्र मुंबईत नव्हे, अमेरिकेत सापडते. आणि तिचीच एक शाखा आज असंख्य कचेऱ्यांच्या चॅटमध्ये रोज सकाळी आपोआप उमटणाऱ्या जाहिरात-अहवालांपर्यंत येऊन पोहोचते. हा धागा त्या वंशावळीचा.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील जाहिरातदाराकडे परिणाम मोजण्याचे एक साधे साधन होते: कूपन. प्रत्येक वृत्तपत्रातील कूपनावर पत्त्यात वेगळा खूणक्रमांक छापायचा आणि टपालाने परत आलेली कूपने मोजायची. कोणत्या वृत्तपत्रातील जाहिरात फळली, हे कळायला काही आठवडे जात. तोवर वाट पाहणे एवढेच हाती असे.

दुकानातून विकल्या जाणाऱ्या मालाला ही युक्ती पुरेशी नव्हती. शिकागोत १९२३ मध्ये आर्थर नील्सन यांनी स्थापन केलेल्या कंपनीने पुढील दशकात त्यावर तोडगा काढला. निवडक दुकानांत तिची माणसे ठरावीक अंतराने जात आणि साठा मोजत. आरंभीचा साठा, अधिक मधली खरेदी, वजा उरलेला साठा, म्हणजे विक्री. वाणसामानाच्या दुकानातील कोणत्याही मुनिमाला ठाऊक असलेले हे गणित. पण ते शेकडो दुकानांत एकाच शिस्तीने केल्यावर साबणाच्या कारखानदाराला प्रथमच कळू लागले की बाजारातील आपला वाटा किती आणि प्रतिस्पर्ध्याचा किती.

रेडिओने नवा पेच आणला. ध्वनिलहरींचा साठा मोजणार कसा? १९३० पासून आर्चिबाल्ड क्रॉसली यांची माणसे दूरध्वनी करून आदल्या दिवशी काय ऐकले ते विचारू लागली. ज्यांच्या घरी दूरध्वनी नव्हता, ते अर्थातच गणतीत नव्हते. शिवाय स्मरणशक्ती दगा देते, आणि प्रतिष्ठेपायी माणसे थोडे खोटेही बोलतात.

१९३६ मध्ये नील्सन यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील रॉबर्ट एल्डर आणि लुई वुड्रफ यांच्याकडून एक यंत्र मिळवले. त्याचे नाव ऑडिमीटर. रेडिओ केव्हा सुरू झाला, काटा कोणत्या केंद्रावर स्थिरावला, हे ते सरकत्या पट्टीवर आपोआप रेखाटत असे. या वंशावळीतील हे निर्णायक वळण, कारण येथे प्रथमच माणसाला काही विचारावेच लागले नाही. अर्थात यंत्राला कळे ते एवढेच की रेडिओ चालू आहे. खोलीत कोणी आहे की नाही, हे त्याला कधीच कळले नाही.

पट्टी गोळा करण्यासाठी सुरुवातीला माणसे घरोघर जात. पुढे फिल्मची डबी टपालाने पाठवण्याची सोय झाली, आणि नवी डबी यंत्रात बसवली की त्यातून पाव डॉलरची दोन नाणी बाहेर पडत. मोजणी स्वयंचलित झाली, तरी तिला घरातल्या माणसाची मर्जी सांभाळावीच लागत होती! तयार आकडे ग्राहकांकडे पोहोचत ते कोटाच्या खिशात मावेल अशा छोट्या पुस्तिकेतून. आकार मुद्दामच तसा ठेवलेला: बैठकीत, जेवणाच्या टेबलावर, कुठेही ती चटकन बाहेर काढता यावी.

आणि येथेच खरी अडचण उभी राहिली. पुस्तिका खिशात मावली, पण तिच्यातील आकड्यांमागची अनिश्चितता मावली नाही. थोड्या घरांवरून काढलेला अंदाज दशांश चिन्हासह छापला गेला की तो सत्यासारखा दिसू लागतो, आणि दशांशाच्या फरकावर कार्यक्रम बंद पडत. १९६३ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीने ओरेन हॅरिस यांच्या अध्यक्षतेखाली या पद्धतींची जाहीर सुनावणी घेतली. त्याच वर्षी फेडरल ट्रेड कमिशनने मापनसंस्थांकडून कबूल करून घेतले की आपले आकडे हे अंदाज आहेत, तंतोतंत मोजमाप नव्हे. पुढच्या वर्षी या संस्थांच्या तपासणीसाठी स्वतंत्र मंडळ उभे राहिले.

१९७३ पर्यंत घरातील यंत्र दूरध्वनीच्या तारेने थेट मध्यवर्ती संगणकाशी जोडले गेले. टपाल संपले, नाणी संपली. रात्री पाहिलेल्या कार्यक्रमाचा हिशेब आता लवकरच कचेरीत येऊ लागला, आणि आकड्याबद्दल शंका घेण्याइतकी उसंतही त्याबरोबर आटली.

भारतात हीच परंपरा बार्क या संस्थेच्या मीटरमधून २०१५ पासून चालत आली आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये मीटर असलेल्या काही घरांना विशिष्ट वाहिन्या लावून ठेवण्यासाठी पैसे दिल्याचा आरोप मुंबई पोलिसांनी केला, तेव्हा वृत्तवाहिन्यांची साप्ताहिक आकडेवारी थांबवण्यात आली; ती मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. खटला नंतर मागे घेतला गेला. दोन नाण्यांचा तो जुना प्रश्न मात्र नव्या वेषात समोर आला होता: मोजणारे यंत्र ज्याच्या घरात आहे, त्याच्या बोटावर कोणाचा ताबा?

इंटरनेटने मोजणी स्वस्त केली. नोव्हेंबर २००५ मध्ये गूगल ॲनालिटिक्स विनामूल्य खुले झाले, तेव्हा इतकी गर्दी उसळली की काही दिवसांतच नवी नोंदणी थांबवावी लागली. पण हा अहवाल पाहायला जावे लागे; खिशातल्या पुस्तिकेसारखा तो जवळ नव्हता.

ते अंतर चॅटने मिटवले. फिनलंडमध्ये १९८८ साली यार्को ओइकारिनेन यांनी रचलेल्या आयआरसीवर प्रोग्रामरांचे गट गप्पा मारत, आणि त्याच गप्पांत यंत्रांनाही बोलते करण्याची रीत रुजली. २०११ मध्ये गिटहबने हुबॉट नावाचा आपला चॅट-सेवक सर्वांसाठी खुला केला. ‘ग्लिच’ हा खेळ बनवणारा चमूही आयआरसीवरच काम करी. खेळ २०१२ मध्ये बंद पडला. कामासाठी घडवलेले चॅटचे साधन मात्र फेब्रुवारी २०१४ मध्ये स्लॅक या नावाने बाजारात आले. बाहेरच्या प्रणालीने ठरावीक पत्त्यावर मजकूर धाडावा आणि तो सहकाऱ्याच्या निरोपासारखा संभाषणात उमटावा, ही सोय त्यात होती. जाहिरातीवरील खर्च, क्लिक, विक्री यांचे आकडे सकाळच्या ‘गुड मॉर्निंग’च्या शेजारी येऊन बसले.

पुस्तिकेची पाने उलटली की नमुना केवढा होता, चुकीची शक्यता किती, याची टीप कोठेतरी सापडे. चॅटमधील दोन ओळींत सर्वांत आधी तीच टीप गळाली. मात्र एक नवी गोष्टही घडली. पुस्तिका एका साहेबाच्या खिशात असे, चॅटमधला आकडा संपूर्ण चमूसमोर पडतो, आणि काल रुजू झालेली मुलगीही त्याच्याखाली विचारू शकते, “हा कशावरून काढला?”