कुलमुखत्यारपत्र : वाद आणि मुखत्याराची जबाबदारी

आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा दस्त म्हणजे कुलमुखत्यारपत्र. मुंबईत नोकरी करणारा पुतण्या गावच्या जमिनीसाठी काकांना, परदेशी स्थायिक झालेली बहीण पुण्यातल्या फ्लॅटसाठी भावाला असा अधिकार देते. तो एकाच कामापुरता असेल, तर दस्ताला खास मुखत्यारपत्र म्हणतात. भारतात हा विषय मुख्यतः मुखत्यारपत्र अधिनियम, १८८२ आणि करार अधिनियम, १८७२ यांच्या कक्षेत येतो. विश्वास नात्यातला असतो, त्यामुळे हिशेब मागायला माणसे संकोचतात आणि तिथेच नुकसान होते.

असा अधिकार मिळालेला मुखत्यार हा मालक नव्हे. सूरज लँप विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात ११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की निव्वळ कुलमुखत्यारपत्रावर जमीन किंवा घर विकत घेणाऱ्याला मालकी मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते.

करार अधिनियमाने मुखत्यारावर घातलेली बंधने कडक आहेत. सूचनेबाहेर जाऊन नुकसान केले, तर भरपाई त्याने द्यायची (कलम २११). मागताच हिशेब दाखवायचा (कलम २१३). मालकाला न विचारता त्याची मालमत्ता स्वतःच घेतली आणि महत्त्वाची बाब लबाडीने दडवली किंवा व्यवहार मालकाच्या तोट्याचा ठरला, तर मालक तो व्यवहार नाकारू शकतो (कलम २१५).

लिहून देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याचे मन विकल झाले, की अधिकार संपतो (कलम २०१). अपवाद एकच महत्त्वाचा : त्या मालमत्तेत मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असणे (कलम २०२). दस्तावर ‘रद्द न होणारे’ असे छापल्याने तो हितसंबंध निर्माण होत नाही. बेंगळुरूतील एका जमिनीच्या प्रकरणात मालकाच्या निधनानंतर मुखत्याराने स्वतःच्या मुलाला खरेदीखत करून दिले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले नाही.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची अडचण मन विकल होताच अधिकार संपण्याच्या नियमातून येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ च्या कायद्याखाली निर्णयक्षमता गेल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र करता येते; तिथे मुखत्याराविरुद्धच्या तक्रारी तपासणारे सरकारी कार्यालयही आहे. भारतात तशी सोय नाही. आईला काहीच उमगेनासे झाल्यावर जुन्या कागदावर तिचे घर विकणे म्हणूनच कायद्यात बसत नाही. अशा वेळी कुटुंबांना पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते.

अधिकार काढून घेण्यासाठी रद्दपत्र करतात. मात्र ते मुखत्याराला कळेपर्यंत त्याच्यापुरते आणि त्रयस्थाला कळेपर्यंत त्रयस्थापुरते लागू होत नाही (कलम २०८). म्हणून मूळ दस्त नोंदवलेला असल्यास रद्दपत्रही नोंदवावे, मुखत्याराला पोच मिळेल अशा टपालाने नोटीस द्यावी, वृत्तपत्रात जाहीर नोटीस छापावी आणि बँक, गृहनिर्माण संस्था, दुय्यम निबंधक, ग्राम महसूल अधिकारी (तलाठी) यांना लेखी कळवावे. मुखत्याराने केलेल्या व्यवहाराचा फेरफार टाकला गेला असेल, तर मुदतीत हरकत नोंदवावी.

महाराष्ट्रात दस्त नोंदवताना मुखत्याराकडून घोषणापत्र घेतले जाते : लिहून देणारा हयात आहे, मुखत्यारपत्र रद्द झालेले नाही. ते जाणूनबुजून खोटे दिले, तर नोंदणी अधिनियमाच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैशांचा अपहार झाला असल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६(५) लागू होऊ शकते. त्यात शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे. दिवाणी न्यायालयात हिशेबाचा, मनाई हुकुमाचा आणि खरेदीखत रद्द करण्याचा दावा लावता येतो.

खरेदीखत रद्द करण्याच्या दाव्याची मुदत, दस्त रद्द करण्याजोगी वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षे आहे. म्हणून मुखत्यारपत्र दिलेल्या प्रत्येकाने सातबारा, इंडेक्स-टू आणि बँकेचे पासबुक वर्षातून एकदा तरी स्वतः तपासावे.